मधला निळा

“पुढच्या वर्षी जाऊ म्हणे! पुढच्या वर्षी तिथं जाऊन काय करणार आहेस? समुद्राचा वास घेणार?”

बोलून गेल्यावर रंगाऱ्याने जीभ चावली. पण तोंडातून सुटलेला शब्द काही परत येत नाही.

“घेईन की,” बायको चष्मा पुसत म्हणाली. “वास फुकट असतो.”

मेहुणी एका प्रवासी कंपनीत नोकरीला होती. तिच्या लॅपटॉपवर ग्रीसमधलं एक बेट लख्ख उन्हात पसरलं होतं. तिने घाईघाईने पुढचा फोटो लावला.

“हे बघ ताई, डावीकडे पांढऱ्या पायऱ्या. वर निळा दरवाजा. आणि खाली थेट पाणीच.”

“तू समालोचन थांबव गं,” रंगारी म्हणाला. “तिचे डोळे अजून शाबूत आहेत. वर्षभर तरी दिसेल असं डॉक्टर म्हणालेत.”

“सुंदर आहे,” बायको म्हणाली.

तिची नजर हळूहळू अधू होत चालली होती. मागच्या महिन्यात मेहुणीच तिला तपासणीला घेऊन गेली होती. आहे तसंच आहे, असं दोघींनी परत येऊन सांगितलं तेव्हा रंगाऱ्याचा जीव भांड्यात पडला होता. तरी धास्ती होतीच. लग्नानंतर त्याने शहरातली निम्मी घरं रंगवली, पण हिला कुठे म्हणून नेलं नाही. संध्याकाळी अंगाला टर्पेंटाइनचा वास घेऊन यायचा, जेवायचा आणि झोपायचा. याची आता त्याला लाज वाटत होती.

फार पूर्वी एका कॅलेंडरवर तिने असंच बेट पाहिलं होतं. “एवढं निळं खरंच असतं का हो?” तिने विचारलं होतं. “छापताना रंग चढवतात,” तो जेवता जेवता म्हणाला होता. तेवढ्यावर विषय संपला. आता मात्र तो समुद्र तिला दाखवायचा आणि आपण चुकलो होतो हे तिथं उभं राहून कबूल करायचं, एवढंच त्याच्या मनाने घेतलं होतं.

“वरची खोली घेऊ,” तो म्हणाला. “उशीवरनं समुद्र दिसेल.”

“खालची बरी. त्या पायऱ्यांनी माझे गुडघे कामातून जातील.”

“गुडघे नवे मिळतात!”

मेहुणीने लॅपटॉप मिटला. जाताना दारात तिने बहिणीचा हात उगाच जास्त वेळ धरून ठेवला. या दोघी मिळून आपल्याला टोलवतात, असं रंगाऱ्याला वाटलं आणि त्याचं डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी तो कामावरून आला तर घरात अंधार. ती खुर्चीत बसून होती.

“दिवा लावायला काय होतं? विजेचं बिल भरतोय ना मी?”

“डोळ्यांना जरा आराम.”

त्याने दिवा लावला आणि तिच्यासमोर बसला. “खरं सांग. माझ्याबरोबर यायचंच नाही का तुला?”

“असं कुठं म्हटलं मी?”

“मग रोज नवं कारण कशाला? ऊन, गुडघे, विमानातलं जेवण!”

तिने चष्मा काढून पदराला पुसला. मग म्हणाली, “एवढ्या लांब जायचं, आणि नाही दिसला तर?”

“जूनमध्ये तिथं ढग औषधालाही नसतो.”

“तुम्ही फार हिरमुसाल हो.”

“मी? दाखवायचंय तुला, आणि हिरमुसू मी?”

त्यावर ती नुसती हसली. माणूस हट्टाला पेटला की त्याच्याशी काय बोलणार!

बोलण्यात आपण कच्चे आहोत हे रंगाऱ्याला ठाऊक होतं. रविवारी त्याने झोपायच्या खोलीतलं कपाट सरकवलं आणि ती भिंत घासायला घेतली. बऱ्याच वर्षांचा पिवळा रंग होता.

“काय चाललंय?” तिने स्वयंपाकघरातून विचारलं.

“समुद्र आणतोय घरात. तीन निळे आणलेत. कॅलेंडरवरचा कुठला ते तू सांगायचं. हा रंग रोज समोर असला की आपणहून तिकिटं मागशील.”

गिऱ्हाइकाच्या घरी करायचा तसंच त्याने सगळं केलं. भिंत घासून पुसली, टेप लावून तीन पट्टे आखले. मग ब्रश चालला. खोलीभर ओल्या रंगाचा वास पसरला. तो हात पुसायला फडकं शोधत होता, तेवढ्यात ती दारात आली. चष्मा नीट केला, भिंतीसमोर उभी राहिली आणि चोखंदळ गिऱ्हाइकासारखी मान तिरकी केली.

रंगारी श्वास रोखून बघत राहिला.

“मधला,” ती म्हणाली. “अगदी तोच. कॅलेंडरवर होता ना, तस्सा! माझंच चुकलं हो, उगाच नाट लावत बसले. काढा तिकिटं.”

इतके दिवस तो याच शब्दांची वाट बघत होता.

“गप्प का झालात? पटलं नाही का?”

“पटलं की,” तो कसंबसं म्हणाला. “मलाही मधलाच वाटला होता.”

भिंतीवर रंगाआधीचं पांढरं अस्तर अजून वाळत होतं, आणि निळ्याच्या तिन्ही डब्यांची झाकणं उघडायची बाकीच होती.