झाकलेले ओठ

“आमचे हे ठार बहिरे, सिस्टर. ओठ बघून बोलणं ओळखतात, आणि नाहीच कळलं तर ‘बरं, बरं’ म्हणून मोकळे होतात. सगळा संसार असाच केलाय!” दवाखान्यात दाखल झाल्या त्या दिवशी आजी मला हसत म्हणाल्या होत्या. आज सकाळी त्या गेल्या, आणि फाटकाबाहेर चहाचा थर्मास घेऊन उभ्या असलेल्या आजोबांना ते सांगायचं माझ्या वाट्याला आलं. घरात ही दोघंच, तिसरं माणूस नाही. मास्कच्या आतून मी घसा फोडून ओरडले. ते नुसते मास्ककडे बघत राहिले. लिहून दाखवावं, तर त्यांना अक्षरओळख नाही. मास्क खाली ओढायला हात गेला, तोच पहारेकरी खेकसला, “सिस्टर, नोकरी नकोय का?” साथीचा कायदाच तसा, तो करणाऱ्यांच्या घरी कुणी बहिरं नसणार. शेवटी मी हात जोडले. वाफ धरलेल्या चष्म्याआड माझे डोळेही झाकलेलेच होते. आजोबा ओशाळले. “अहो, हात मी जोडायचे! तुम्ही आहात म्हणून ती आहे.” फाटकाच्या गजांतून त्यांनी थर्मास माझ्या हातात दिला. “गरम आहे तोवर पाजा तिला. आणि उद्या शाल आणू का?” “आजोबा, आजी गेल्या हो!” मी पुन्हा ओरडले. ते लगेच मान डोलवून हसले. “बरं, बरं. लोकरीचीच आणतो.”