पैलवानाची वाढ

डॉक्टरांनी गेकोला उचलून काट्यावर ठेवलं. आकडा पाहिला, काटा शून्यावर आणला आणि त्याला परत ठेवलं. आकडा तोच आला.

"नाव काय याचं?"

"काडीपैलवान," ती म्हणाली. "मुलानं ठेवलंय. आणला तेव्हा बोटाएवढा होता. नुसती हाडं."

"मग काडी काढून टाका आता," डॉक्टर हसले. "नुसता पैलवान उरलाय."

तीही हसली. पिवळ्या अंगावर काळे ठिपके असलेली ती पाळीव पाल डॉक्टरांच्या तळहातावर शांतपणे पसरली होती. डॉक्टरांनी तिचा पुढचा पाय हलकेच वर केला. बगलेत वाटाण्याएवढा मऊ फुगवटा होता. दुसऱ्या बाजूलाही तसाच.

"ही चरबी. यांची चरबी शेपटीत साठते, तिथं असली तर चांगलंच. शेपटीत जागा उरली नाही की अशी बाहेर पडते. खायला काय घालता?"

"अळ्या. सकाळी, आणि मी कामावरून आले की. आणि मेणकिडे... ते त्याला फार आवडतात."

"आवडणारच. मिठाई आहे ती. रोज?"

"वाढतं अंग आहे, म्हटलं."

"कसलं वाढतं अंग, ताई! वर्ष-दीड वर्षात यांची वाढ होऊन जाते. हा कधीच पूर्ण वाढलाय. आता जे खाईल ते लांबीला नाही, रुंदीला जाईल. आणि शेवटी यकृतावर."

"म्हणजे आता मोठा नाहीच होणार?"

तिनं असं विचारलं की डॉक्टरांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"नाही. पण नीट सांभाळलात तर अजून पंधरा वर्षं जगेल. दोन-तीन दिवसांआड खायला द्या. मागायला आला तरी द्यायचं नाही."

"येतो हो मागायला. माझी किल्ली वाजली की काचेशी येऊन उभा राहतो."

"सवय लागलीय," डॉक्टर म्हणाले. "कुणाची तरी मोडावी लागणार."

घरी येऊन तिनं त्याला काचेच्या पेटीत सोडलं. पेटी जेवणाच्या टेबलावर होती, दोन खुर्च्यांच्या मध्ये. शेजारी तिची पोलादी पट्टी पडलेली. कवळ्या बनवण्याचं तिचं काम, त्यामुळे मापाची हत्यारं घरभर. दर रविवारी मुलाचा फोन येण्याआधी ती पेटीतल्या चपट्या दगडावर पट्टी ठेवायची आणि पैलवान तिच्यावर चढायची वाट पाहायची.

मुलगा त्याच्या बाबांकडे राहायला गेला तेव्हा पैलवान इथंच राहिला. बाबांच्या नव्या घरात पाल चालणार नव्हती. "मला दर रविवारी दाखवायचा हं," एवढंच तो जाताना म्हणाला होता. सुरुवातीला तो फोनवर ओरडायचा. अबब! एवढा? मागच्या वेळेपेक्षा? परत मोज! मग नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत परत मोजणं व्हायचं, आणि त्यातून शाळेचं निघायचं, पायाला लागलेलं निघायचं, न आवडलेली भाजी निघायची. पुढे माप तेच यायला लागलं. "तेवढाच? बरं. ठेवतो मग." तेव्हा तिनं दुकानातून मेणकिडे आणले.

आता पैलवान काचेशी आला. पुढचे दोन पाय काचेवर टेकवून त्यानं तिच्याकडे पाहिलं. या जातीला पापण्या असतात. त्यानं डोळे मिटले, उघडले. तिनं अळ्यांचा डबा उचलला, झाकण अर्धवट फिरवलं, पुन्हा घट्ट बसवलं आणि डबा फडताळात आत सारला. मग ती समोर खुर्चीवर बसली. तो बराच वेळ तसाच उभा होता. मग वळला आणि दगडाखाली गेला.

फोन वाजला. मुलाच्या मागे खिडकीला एक अनोळखी पडदा होता.

"दाखव ना, आई."

तिनं फोन पेटीपाशी नेला. दगडाखालून शेपटीचं जाड टोक तेवढं दिसत होतं.

"आज किती?"

"तेवढाच." तिनं टेबलावरची पट्टी उचलली. "डॉक्टरांकडे नेलं होतं आज. झाली म्हणाले त्याची वाढ. आता नाही वाढायचा."

"म्हणजे संपलं?"

"हो."

"अच्छा." त्याची नजर फोनवरून बाजूला कुठंतरी गेली. "आजारी वगैरे नाही ना?"

"नाही रे. लाड जास्त झाले, एवढंच."

"बरं मग..."

"तू उभा राहा बघू," ती घाईघाईनं म्हणाली.

"मी? का?"

"राहा तर. केवढा झालायस बघू दे."

"काहीतरीच काय, आई." पण तो फोन समोर कशाला तरी टेकवून उठला.

त्याचा चेहरा वर सरकला आणि स्क्रीनबाहेर गेला. मग गळाही गेला. उरला एक चौकड्यांचा शर्ट. तिनं घेतलेला नव्हता. मधलं एक बटण सुटलेलं होतं आणि बाही मनगटाच्या बरीच वर होती. पट्टी अजून तिच्या दुसऱ्या हातात होती.

"दिसतोय का?" वरून कुठून तरी आवाज आला. जाडसर, फाटलेला.

"दिसतोय," ती म्हणाली. "असाच थांब जरा."