समोरची जागा

समेटाच्या बैठकीत दोघींना समोरासमोर बसवलं होतं. एका बाजूला न्यारुआच, नुएर जमातीची. दुसऱ्या बाजूला अलुएल, डिंका जमातीची. दोघी दक्षिण सुदानमधून पळून आलेल्या. तिचा डावा हात प्लास्टरमध्ये. तो न्यारुआचमुळेच मोडला होता. निर्वासितांच्या छावणीतल्या नळावर तिने अलुएलला कट्ट्यावर ढकललं होतं.

कंपालाहून आलेल्या मदत संस्थेच्या मॅडम मधे उभ्या राहून समजावत होत्या. तुमच्या जमातींचं वैर जुनं आहे, पण ते सीमेपलीकडेच सोडून यायला हवं होतं, असं त्या म्हणाल्या. वानी मास्तर ते अरबीत सांगत होता. मग मॅडमनी न्यारुआचला माफी मागायला लावली. तिने खाली बघत मागितली. माफ केलंस का, असं अलुएलला विचारलं.

अलुएल उठली.

"हिने मला डिंका म्हणून नाही ढकललं. पाणी येतं तासभर, रांगेत कॅन दोनशे. मी माझा कॅन हिच्या पुढे सरकवला. हिची पोर तापाने फणफणली होती. मला ठाऊक होतं, तरी सरकवला."

वानीने इंग्रजीत सांगितलं, बाई म्हणते, पाण्याची थोडी अडचण आहे.

तेवढं इंग्रजी अलुएलला कळत होतं. "थोडी? मास्तर, माझ्या बोलण्याला साखर कशाला लावता? पाऊस संपल्यापासून दोन नळ बंद आहेत. यांच्या संस्थेला तीनदा अर्ज दिला, कुत्रं फिरकलं नाही. हात मोडला, तर चौथ्या दिवशी गाडी दारात."

न्यारुआच उठली. तिने आपली खुर्ची उचलली, मॅडमच्या बाजूने पलीकडे नेली आणि अलुएलला खेटून ठेवली. बसली. अलुएलने प्लास्टरचा हात सावरून तिला जागा करून दिली.

मॅडमचा चेहरा उजळला. त्यांनी फोटोवाल्याला पुढे बोलावलं. राग सोडला की सगळं कसं जमतं बघा, असं त्या म्हणाल्या. वानीने ते खालच्या आवाजात सांगितलं.

"राग सोडलेला नाही," न्यारुआच म्हणाली. "राग आहे म्हणूनच इकडे आले. समोरची जागा रिकामी केलीय, मॅडम. तिथे आता तुम्ही बसा."