दोन ते चारचा सिनेमा

“यात किंचाळणं फारच कमी आहे,” आनंदीबाईंनी पिशवीतून डीव्हीडी काढून काउंटरवर ठेवली आणि तिला चिकटलेलं माठाच्या भाजीचं पान झटकलं.

“काकू, अहो, सात माणसं मरतात त्यात,” देवदत्त म्हणाला.

“मरतात रे. पण पटकन मरतात. जरा वेळ लावणारी असतील तर बघ.”

खालच्या आळीतल्या देवदत्तच्या डीव्हीडी लायब्ररीत बायका सासू-सुनांचे सिनेमे न्यायला येत. आनंदीबाई अडुसष्ट वर्षांच्या, देवळात जाणाऱ्या, झुरळ दिसलं तर त्याला सुपलीत घेऊन बाहेर सोडणाऱ्या. गेला दीड महिना मात्र त्या रोज एक रक्तबंबाळ सिनेमा नेत आणि दुपारी दोन ते चार तो मोठ्या आवाजात लावत. वीज जवळच्या पोफळीच्या वीजघरात तयार होते, तरी दुपारी आळीतली वीज जाते, म्हणून त्यांनी खास इन्व्हर्टर बसवून घेतला होता.

देवदत्तला स्वतःला या सिनेमांचं वेड होतं, त्यामुळे सुरुवातीला त्याला जोडीदार मिळाल्याचा आनंद झाला. तो आनंद सगुणाबाईंनी संपवला. त्या आनंदीबाईंच्या दगडी गडग्यापलीकडच्या शेजारीण.

“मेल्या, ते मुडदे पाडणारे सिनेमे तूच देतोस ना?” त्या दुकानात शिरताच म्हणाल्या. “काल असा आवाज आला, माझ्या हातातली कढई पडली.”

“सिनेमाच तो, सगुणाबाई.”

“सिनेमा कळतो मला. पण आत हिचे यजमान, श्रीपती सर, दसऱ्यापासून अंथरुणाला खिळलेले. मुंबईच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून हात टेकले. आणि ही बाहेर बसून माणसं कापलेली बघते? आत कुणाला सोडत नाही. माझी पेज दारातच घेतली. परवा विचारलं, सर कसे आहेत, तर म्हणते, ‘मजेत.’ मजेत!” त्यांनी आवाज खाली आणला. “देवदत्ता, माणूस जिवंत आहे ना, तेवढं बघून ये. तू त्यांचा विद्यार्थी. नाहीतर मी पोलिसांत जाते.”

देवदत्तला त्या रात्री जेवण गेलं नाही. श्रीपती सर शाळेत पी.टी. घ्यायचे. सातवीत त्याचा हात मोडला तेव्हा सरांनी त्याला खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलं होतं आणि वाटेत बजावलं होतं, “ओरडू नकोस. हाडाला कान नसतात.” त्या सरांना काही झालं असेल, तर ते त्याने दिलेल्या सिनेमांच्या आवाजाखाली झालं असणार होतं.

दुसऱ्या दिवशी दोनला दहा कमी असताना तो आनंदीबाईंच्या दारात उभा राहिला. हातात मुंबईहून आलेली नवी डीव्हीडी.

“दे आणि जा,” त्या म्हणाल्या.

“हिचं सेटिंग करावं लागतं, काकू. नवा सिनेमा आहे, पण जुन्यासारखा केलाय.”

“म्हणजे?”

“म्हणजे पडद्यावर ओरखडे दिसतील, रंग उडालेले दिसतील. ते सगळं मुद्दाम आहे. पूर्वी पैसे नव्हते म्हणून सिनेमे असे निघायचे. आता पैसे खर्च करून तसे काढतात.”

“ओरडतात का त्यात?”

“पहिल्या मिनिटापासून.”

आनंदीबाईंनी घड्याळ पाहिलं. “मग लाव. लवकर लाव. आणि लावलास की नीघ.”

खिडक्या सताड उघड्या होत्या. टीव्ही आतल्या खोलीच्या दाराला टेकवून ठेवला होता आणि त्या दाराला बाहेरून कडी होती. समोर एकच खुर्ची होती, आणि तिचं तोंड टीव्हीकडे नव्हतं, दाराकडे होतं.

“सर झोपलेत?” त्याने विचारलं.

“झोपतील. चार वाजता झोपतील.”

त्या हे अगदी शांतपणे म्हणाल्या. त्याने डीव्हीडी लावली. पडद्यावर ओरखडे उमटले, जंगल आलं, मुलगी आली, करवत आली. आनंदीबाईंनी आवाज शेवटपर्यंत वाढवला. मुलगी किंचाळू लागली. देवदत्त कसलीशी वायर तपासत रेंगाळला. आनंदीबाई पडद्याकडे बघतही नव्हत्या. मांडीवर दोन्ही हात घट्ट धरून त्या कडीकडे बघत होत्या.

“देवदत्ता, जा आता.”

“जातो, काकू.”

तेवढ्यात पडद्यावरचं चित्र जळाल्यासारखं वितळलं. ‘एक रीळ गहाळ आहे’ अशी इंग्रजी पाटी आली. हेही मुद्दामच केलेलं. आवाज एकदम बंद झाला.

किंचाळी बंद झाली नाही.

ती बाईची नव्हती. ती दारामागून येत होती.

आनंदीबाई धडपडत रिमोटकडे धावल्या. “काय झालं रे याला? चालू कर! आधी चालू कर!”

देवदत्तने टीव्ही बाजूला ढकलला. त्यांनी त्याचा दंड धरला. “आत जायचं नाही. तुला शप्पथ आहे माझी!” त्याने हात सोडवून घेतला आणि कडी काढली.

खाटेवर श्रीपती सर होते. अर्धेही उरले नव्हते. अंगावर जखम नव्हती, दोरी नव्हती. खाटेच्या कडा त्यांनी दोन्ही मुठींनी धरल्या होत्या आणि दातांत धरलेला पंचा गळून उशीवर पडला होता. स्टुलावर गोळ्यांचं पाकीट होतं. त्यावर आनंदीबाईंच्या अक्षरात लिहिलं होतं : सकाळी आठ (दोनपर्यंत पुरते). पुढची दुपारी चार, आधी नाही.

देवदत्तला पाहताच सरांनी ओठ मिटले. सगळं अंग थरथरत होतं. मग मैदानावर वापरायचे त्या आवाजातलं जेवढं उरलं होतं तेवढं गोळा करून ते म्हणाले,

“उभा काय राहिलास? टीव्हीचा आवाज चालू कर. सगुणाला ऐकू जातंय.”