डाव्या काचेवरचा अंगठा

चष्म्याखालची अक्षरं मोठी दिसत होती. धाकटी आणखी खाली वाकली.

उघड्या पुस्तकावर, काचेच्या पेटीत, तिच्या वडिलांचा चष्मा ठेवला होता. म्हणजे पाटीवर तरी तसं लिहिलं होतं. पण जन्मभर चष्म्याचं दुकान चालवलेल्या बाईला पाटी कशाला लागते? बाबांना लांबचं दिसत नसे. त्यांच्या चष्म्यातून अक्षरं बारीक दिसायला हवीत. ही तर चांगली टपोरी दिसत होती.

"दादा, हा आईचा चष्मा आहे."

थोरला खिडकीतून रस्त्यावरची गर्दी बघत होता. बाबांचं घर आजपासून संग्रहालय होणार होतं आणि सकाळपासून त्याचा पाय एका जागी ठरत नव्हता. "काहीतरीच काय! सगळ्या फोटोंत हीच फ्रेम आहे."

"फ्रेम बाबांचीच. ते नवीन चष्मा करायचे तेव्हा आई जुन्या फ्रेममध्ये आपल्या काचा बसवून घ्यायची. आणि काडीला हा दोरा तिनेच गुंडाळलाय. तिच्या शिवणाच्या डब्यातला."

दोऱ्याचं नाव निघताच थोरल्याचा चेहरा उतरला. तो दोरा आता साधासुधा राहिला नव्हता. 'तुटलेली काडी दोऱ्याने बांधून सरांनी हाच चष्मा अखेरपर्यंत वापरला. डाव्या काचेवर त्यांच्या अंगठ्याचा ठसा आजही दिसतो,' असं पाटी सांगत होती. चौकातल्या पुतळ्याच्या चष्म्यालाही तोच दोरा होता, धातूत ओतलेला. शाळाशाळांतून त्या दोऱ्यावर निबंध लिहून घेतले जात. खरं सांगायचं तर बाबांना काडी नुसती सैल झालेली खपत नसे. घर डोक्यावर घेत.

"मग काय, पुतळ्याचा चष्मा उतरवू?"

"पुतळ्याला घाला हवं तर गॉगल. मला आईचं काहीतरी हवंय. तिचं म्हणून या घरात काय उरलंय, सांग ना. बाबांचा दाढीचा ब्रशसुद्धा पेटीत बसलाय. तिचे कपडे, तिचं शिवणयंत्र, सगळं आपण वाटून मोकळे झालो."

उत्तर दिलं ते दारातून आलेल्या संग्रहालयाच्या बाईंनी. मांडणी सगळी त्यांचीच होती आणि त्यांनी बोलणं ऐकलं होतं.

"सरांचा नसेल तर तो इथे राहणार नाही," त्या म्हणाल्या. "खोटी वस्तू मी मांडत नाही. तुम्ही घरी न्या, ताई. पण आधी हातात घेऊन खात्री करा."

त्यांनी कुलूप काढलं, तिला पांढरे हातमोजे घालायला दिले आणि चष्मा दोन्ही हातांनी उचलून पुढे केला.

दुकानात गिऱ्हाइकाने चष्मा पुढे केला की आधी वाफ द्यायची, पुसायचं आणि मग बोलायचं, ही धाकटीची सवय. तिचं लक्ष दोऱ्याकडे होतं. हातांनी आपलं काम केलं. तिने डाव्या काचेवर तोंडाची वाफ सोडली आणि पदराने काच गोल पुसली.

"अहो!" बाई किंचाळल्याच. "ठसा होता त्यावर! इतके दिवस मी त्याला फुंकरसुद्धा लागू दिली नव्हती!"

धाकटी जागच्या जागी थिजली. आई चष्मा कायम काचेला धरून काढायची. डावी काच सदा बरबटलेली असे आणि शाळेतून आलं की ती पुसणं हे धाकटीचंच काम. 'काडीला धर ना गं,' म्हणून ती करवादायची, आई मान डोलवायची आणि पुन्हा काचेलाच धरायची. सगळं वाटून, झाडून, धुऊन झाल्यावरही आईचा एवढासा अंगठा मागे राहिला होता. तोही लेकीनेच पुसला. तिला इतकी स्वतःची चीड आली की रडूही येईना.

थोरला जवळ आला. त्याचा आवाज एकदम मऊ झाला होता. "जाऊ दे. घेऊन जा तू. पुतळ्याचं काय ते मी निस्तरतो. बाई, पाटी काढा."

धाकटीने चष्मा उजेडात धरला. लख्ख काच. असे चष्मे तिच्या दुकानात ढिगाने होते. घरी नेला तर हा कपाटात जाईल आणि तिच्यामागे तिची मुलं तोही कुणाला तरी देऊन टाकतील. इथे निदान रोज कुणीतरी वाकून बघेल.

तिने उजव्या हाताचा मोजा काढला. हात आईचे घेतलेस, असं सगळे म्हणायचे. तिने अंगठा डाव्या काचेवर ठेवला, जिथे आईचा नेहमी असायचा तिथेच, आणि दाबला.

"ठेवा परत," ती म्हणाली. "पाटीही असू दे."

"ताई, हे खरं नाही."

"आधीचं तरी कुठे खरं होतं?"

बाहेर कुणीतरी दार वाजवलं. बाईंनी दाराकडे पाहिलं, मग धाकटीच्या तोंडाकडे पाहिलं. दोन्ही काड्यांना धरून त्यांनी चष्मा पुस्तकावर ठेवला आणि कुलूप लावलं.

माणसं आत आली. पेटीभोवती हा घोळका झाला. मागे भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या धाकटीने आपला अंगठा मुठीत घट्ट धरला होता. एका आजोबांनी नातीला उचलून काचेशी नेलं आणि पाटी मोठ्याने वाचून दाखवली.

"दिसला का ठसा?"

"दिसला," नात म्हणाली. मग तिने मान वळवून विचारलं, "पण आजोबा, एवढ्या मोठ्या माणसाचा अंगठा एवढासा कसा?"