उजवी पाकळी

फोन पितळी तांब्याला टेकवून उभा केला होता. घाटकोपरच्या त्या एवढ्याशा खोलीत तिघंही श्वास रोखून त्याच्याकडे बघत होती. व्हिडिओ कॉलवर गावची देवी. तिच्या दोन खांद्यांना चिकटवलेल्या दोन ओल्या पाकळ्या. उजवी आधी पडली तर जान्हवीचं प्रितमशी लग्न. डावी पडली तर विषय संपला.

प्रितम मुलुंडचा, बौद्ध घरातला. "गावात तोंड कसा दाखवू?" म्हणून आईने पंधरा दिवस भांडी आपटली होती. जान्हवीचे वडील नाना मात्र ना हो म्हणाले, ना नाही. "देवीक इचारूया," एवढंच. हा माणूसच तसा! चहा की कॉफी? कायपण. बांगडा की सुरमई? चलात. सव्वीस वर्षांत बापाला नक्की काय आवडतं याचा पत्ता लेकीला लागला नव्हता. आज देवीचा कल कळेल, पण नानांचा? जान्हवीला तेच कुतूहल कुरतडत होतं.

तिकडे विशाल गुरवाने गाऱ्हाणं घातलं. एक मिनिट गेलं. दोन गेली. पाकळ्या हलेनात. गुरवही हलेना. समईची ज्योतसुद्धा हलेना. अगं बाई, नेट गेलंय! जान्हवी बोलणार, इतक्यात नाना पुढे सरकले. त्यांना बिचाऱ्यांना वाटत होतं, देवीच विचारात पडलीय. त्यांनी चोरून आईकडे पाहिलं. ती डोळे मिटून, हात जोडून बसली होती. मग त्यांनी तोंड फोनजवळ नेलं आणि हळूच फुंकर मारली.

कुठल्या पाकळीवर? जान्हवीने मान लांब केली. देवीची उजवी म्हणजे आपली डावी, हे लहानपणी त्यांनीच तिला शिकवलं होतं. नाना डावीकडे फुंकत होते. एकदा. दोनदा. गाल फुगवून. तिला हसू आणि रडू एकदमच आलं.

चित्र गेलं आणि फोन वाजला. नानांनी तो कानाला लावला. शेजारी बसलेल्या जान्हवीलाही गुरव ऐकू आला. "नाना, नेट गेला हो! दोनय पाकळ्यो अजून थयच, जागेवरच आसत. थांबतास मा?"

आईने डोळे उघडले.

"थांबूचा कशाक?" नाना आईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले. "उजवी पडली. आमका हयसून दिसली."