लाल टोकाच्या काठ्या

पाचवं घरटंही रिकामं निघालं. हिस्के ओल्या गवतात गुडघ्यांवर बसली आणि तिने खळग्यात बोटं फिरवून पाहिली. काल इथे चार अंडी होती. आज अंडं नाही, कवचाचा तुकडाही नाही. वर टिटवी ओरडत घिरट्या घालत होती.

"हा कोल्हा नाही," हिस्के उठता उठता म्हणाली. "कोल्हा पसारा करून जातो. हे माणसाचं काम."

बांधावर योरित उभा होता. कुरण त्याचं. नेदरलँड्समधल्या फ्रीसलंडच्या या भागात सगळ्यांनी पाणी उपसून दाट गवत लावलं होतं. ओला राहिला होता तो एवढाच तुकडा, तोही हिस्केच्या भिडेखातर.

"मावशी, दिलेला शब्द मी पाळतो," तो म्हणाला. "एक जरी पिल्लू चालताना दाखवलंस, तरी कुरण असंच ठेवीन. पण पाखरंच नसतील तर चिखल कुणासाठी राखू? पंप लावून मोकळा होतो."

हिस्केच्या लहानपणी या कुरणात पाय ठेवला की आभाळ टिटव्यांनी भरून जायचं. या वसंतात सहा जोड्या आल्या होत्या. ट्रॅक्टर घरट्यावर जाऊ नये म्हणून तिने प्रत्येक घरट्याच्या दोन बाजूंना दोन काठ्या रोवल्या होत्या. लांबून दिसाव्यात म्हणून टोकं लाल रंगवलेली. रोज सकाळी ती फेरी मारायची आणि टोकांवरची शिट एप्रनने पुसून रंग लखलखीत ठेवायची. अर्ध्या गावाला हे काम तिनेच शिकवलं होतं, आणि त्याचा तिला चांगलाच अभिमान होता.

आता एकच घरटं उरलं होतं, आणि तिकडे गेली तर त्याच्या दोन्ही काठ्या गायब.

तिचे पाय थेट भावाच्या घराकडे वळले. विब्रेन तिच्याहून धाकटा. तरुणपणी मोसमातलं पहिलं टिटवीचं अंडं शोधून त्याने प्रांताच्या अधिकाऱ्याच्या हातात दिलं होतं. तो फोटो अजून त्याच्या भिंतीवर होता. तेव्हा त्याला मान होता. मग कायद्याने अंडी उचलणं बंद झालं आणि विब्रेन वर्षभर धुसफुसत राहिला. राय धान्याच्या काळ्या पावाबरोबर उकडलेलं टिटवीचं अंडं, या एका विषयावर तो तासभर बोलू शकायचा.

लाल टोकाच्या दोन काठ्या त्याच्या शेडच्या भिंतीला टेकून ठेवलेल्या होत्या. लपवायचीसुद्धा तसदी घेतली नव्हती.

"या माझ्या."

"तुझ्याच," विब्रेन म्हणाला. "ये, कॉफी घे."

"कॉफी गेली खड्ड्यात. का उपटल्यास?"

"तिथे नसलेल्या बऱ्या. ताई, जरा ऐकून तरी घे..."

"घरटं कुणाला सापडू नये म्हणून? तुझ्याशिवाय?"

"मला काठी कशाला लागते? मला घरटं चालता चालता दिसतं."

"मिरव, मिरव तोरा!"

विब्रेनने कप खाली ठेवला. "बरं, एवढं सांग. रोज काठ्या पुसतेस ना? टिटवीला कधी काठीवर बसलेलं पाहिलंस?"

"विषय बदलू नकोस. पाच घरटी गेली, विब्रेन! अंडी खाल्लीस की नाही?"

त्याचा चेहरा लालबुंद झाला. दोघं एकाच आईची, हट्टात कुणीच कमी नव्हतं.

"खाल्ली समज," तो म्हणाला आणि आत निघून गेला.

हिस्केने त्याच दिवशी गावातल्या पक्षीरक्षकांना सांगितलं. कुरणांत फिरायचा विब्रेनचा परवाना काढून घेतला गेला. बेकरीत लोक त्याच्याशी बोलेनासे झाले. सख्ख्या भावाला असं उघडं पाडताना तिला फार वाईट वाटलं, रडूही आलं. पण टिटव्यांना दुसरं होतं तरी कोण?

शेवटच्या घरट्यात चारही अंडी शाबूत होती. चोराला पुन्हा यायला सवड मिळालेली दिसत नव्हती. संध्याकाळी तिने दोन्ही काठ्या पूर्वीच्या जागी रोवल्या आणि हलवून पाहिल्या. घट्ट होत्या.

परवाना गेला म्हणून विब्रेन गप्प बसेल, यावर तिचा विश्वास नव्हता. उजाडायच्या आधी ती फाटकाजवळच्या कोरड्या चरात दबून बसली. कुरणाकडे पाठ, डोळे रस्त्यावर, हातात फोन. या वेळी त्याला रंगेहाथ पकडायचं आणि योरितला दाखवायचं.

धुकं पातळ झालं. मागे टिटवी कर्कश ओरडू लागली. आला, हिस्के मनाशी म्हणाली. दुसरीकडून आला असेल, पण परतताना इथूनच जाईल. ती आणखी खाली वाकली. टिटवी ओरडतच राहिली, वर चढत, खाली झेपावत. हिस्केने दात आवळले. जरासा धीर.

मग ओरडणं थांबलं.

रस्ता रिकामाच होता. हिस्के उठली आणि वळली. कुरणात माणूस नव्हता. काठीच्या लाल टोकावर एक कावळा बसला होता आणि त्यावर चोच घासून साफ करत होता.